अडीच पाकळ्या

हर्णैच्या बंदरात बोटीचं इंजिन सुरू झालं की एक खलाशी कडेवरून बाहेर वाकून बघतो. आतून प्रश्न येतो, "पाणी मारतंय का?" तो म्हणतो, "मारतंय," आणि मगच नांगर उचलला जातो. मामाच्या बोटीवर हे वाकून बघायचं काम लहानपणापासून माझ्याकडे होतं. बोटीच्या उजव्या कुशीत, पाण्यापासून वीतभर वर, दोन बोटं जातील एवढ्या नळीचं तोंड होतं. त्यातून धार पडायची. पण धार पडते एवढं सांगून मामाचं समाधान होत नसे. जाड की बारीक? सलग की तुटक? वाफ दिसते का? हात घालून बघितलास का, गार की कोमट? मी पोटावर आडवा होऊन हात खाली सोडायचो. कोमट धार तळहातावर आपटायची. मी ओरडायचो, "कोमट, जाड, सलग!"

पुढे मी आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा कोर्स केला. आज बंदरातल्या बऱ्याच बोटींची इंजिनं माझ्या हाताखालून जातात. कोर्समध्ये मला इंजिन शिकवलं. पाणी शिकवलं ते मामानं.

डिझेल जाळून जी उष्णता निघते तिचा जेमतेम तिसरा हिस्सा पंख्यापर्यंत पोचतो आणि बोट पुढे जाते. साधारण तेवढीच धुराबरोबर निघून जाते. उरलेली इंजिनाच्या लोखंडात शिरते, आणि ती तिथून सतत काढून न्यावी लागते. रस्त्यावरच्या ट्रकला त्यासाठी रेडिएटर असतो, समोरून वारा असतो. बोटीचं इंजिन फळ्यांखाली कोंडलेलं. त्याला वारा नाही. त्याला समुद्र आहे, आणि समुद्राला आत आणून, फिरवून, पुन्हा समुद्रात सोडायचं एवढ्यासाठी ती कुशीतली धार.

हे खारं पाणी थेट इंजिनात मात्र जाऊ देत नाहीत. इंजिनाच्या अंगात गोडं पाणी फिरतं, कूलंट मिसळलेलं. गोडं आणि खारं पाणी कूलरमध्ये एकमेकांच्या शेजारून जातात, पण एकमेकांना शिवत नाहीत. माझ्या आजीकडे तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. कूलर म्हणजे तोच बंब, फक्त उलटा: आतल्या बारीक नळ्यांतून गार समुद्र वाहतो आणि भोवती इंजिनातून तापून आलेलं गोडं पाणी खेळतं. बंबात जसा पांढरा क्षार धरायचा तसा या नळ्यांतही धरतो. समुद्राचं पाणी साठ-पासष्ट अंशांच्या वर तापलं की त्यातले क्षार सुटून भिंतीला चिकटायला लागतात, आणि एकदा थर धरला की उष्णता पलीकडे जात नाही. वाफेच्या जहाजांचे लोक या थराशी फार झगडले. बॉयलरमध्ये समुद्राचंच पाणी घालायचे आणि मिठाचे थर खरवडत बसायचे. नॉटिंगहॅमजवळच्या सॅम्युएल हॉलनं १८३४ मध्ये नळ्यांच्या कंडेन्सरचं पेटंट घेतलं. वापरलेली वाफ नळ्यांच्या आत, थंड करणारं समुद्राचं पाणी बाहेर, म्हणजे तेच गोडं पाणी परत बॉयलरला. समुद्राचा गारवा घ्यायचा, मीठ घ्यायचं नाही, हा विचार एवढा जुना. आमच्या तीन सिलिंडरच्या इंजिनावरच्या हातभर लांब कूलरमध्ये तोच विचार आहे हे मला कळलं तेव्हा मी त्या कूलरकडे जरा जास्त आदरानं बघू लागलो.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरची गोष्ट. कोर्स संपवून मी नुकताच घरी आलो होतो. पाऊस सरून समुद्र निवळला होता आणि पाण्यात जेलीफिश इतके होते की जाळं ओढताना हात बुळबुळीत होऊन सुटत होते. दुपारी परत येताना सुवर्णदुर्गाचा तट समोर दिसायला लागला आणि तापमानाचा काटा ऐंशीवरून हलला. नव्वद. मग पंच्याण्णव. मी धावत कडेला गेलो. धार तुटत होती. मी बघता बघता थेंब पडायला लागले, आणि मग त्या तोंडातून नुसती वाफ.

मामानं इंजिन बंद केलं आणि नांगर टाकायला सांगितला. दुपारचा वायव्येचा वारा पडत होता, बोट नांगरावर फिरून उभी राहिली. इंजिनाचा आवाज थांबला की बोटीवर एकदम किती आवाज ऐकू येतात! पाण्याचा फळ्यांवर आपटण्याचा, दोराच्या कुरकुरीचा, तापलेल्या लोखंडाचा टिकटिक टिकटिक.

मी फळकूट उचलून खाली उतरलो आणि पाना थेट थर्मोस्टॅटच्या घराला लावला. इंजिन तापलं की थर्मोस्टॅट अडकला असणार, हे डोक्यात ठाण मांडून बसलं होतं. मामानं वरून विचारलं, "धार होती का?"

"नव्हती."

"मग तिथं काय शोधतोयस? समुद्रापासून सुरू कर."

या वाक्यावर मी पुढे किती कामं केली असतील त्याला मोजदाद नाही. खारं पाणी ज्या वाटेनं येतं त्या वाटेनं, त्याच क्रमानं, त्याच्या मागोमाग जायचं. मधेच उडी मारायची नाही. बुडाचं भोक, कॉक, गाळणी, पंप, कूलर, बाहेरची नळी. जिथपर्यंत पाणी पोचलेलं दिसतं तिथपर्यंत सगळं ठीक. जिथून पुढे पोचत नाही तिथे दोष. आणि धार जाड पडतेय, हाताला गारच लागतेय, तरी इंजिन तापतंय, तर समुद्र आपलं काम करतोय असं समजायचं. मग क्षारानं भरलेला कूलर बघायचा, नाहीतर गोड्या पाण्याची बाजू: पट्टा, कूलंटची पातळी, थर्मोस्टॅट. धार बारीक आणि चटका देणारी असेल तर पाणीच कमी येतंय. दोन बोटं पाण्यात बुडवून एवढं कळतं, आणि तेवढ्यानं अर्धं इंजिन तपासातून बाद होतं.

थर्मोस्टॅटबद्दल मला इथे तळमळीनं सांगायचंय. इंजिन तापतं म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकायचा, अशी एक रीत किनाऱ्यावर पडली आहे. शेजारच्या एका बोटीचा असाच काढला होता. काटा खाली आला, सगळे खूश. पण खरा दोष, थर धरलेला कूलर, तसाच राहिला. एरवी इंजिन गार राहून काजळी धरायचं, डिझेल जास्त खायचं, आणि खूप ओढायची वेळ आली की तापायचंच. काटा खाली आणणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. इंजिनाला गारवा हवा तशी ऊबही हवी. दोन्हींचा मेळ राखणारा थर्मोस्टॅटमधला तो एवढासा मेणाचा तुकडा फेकून देताना मला अजूनही वाईट वाटतं.

तर आम्ही समुद्रापासून सुरुवात केली. कॉक बंद केला, गाळणीचं झाकण काढलं. आतली जाळी दिसतच नव्हती. काचेसारखा पारदर्शक गोळा, त्यात खवले, वाळू, दोऱ्याचे तुकडे. मी तो हातानं काढला, जाळी घासली. मग मामानं झाकण न लावताच कॉक जरासा उघडायला सांगितला. गाळणी पाण्याच्या रेषेच्या खाली होती, त्यामुळे वाट मोकळी असेल तर पाणी जोरात वर यायला हवं. ते उसळून आलं, माझ्या कोपरापर्यंत. "इथपर्यंत समुद्र आला," मामा म्हणाला.

कधीकधी इथपर्यंतही येत नाही. बुडाच्या भोकावर प्लास्टिकची पिशवी चिकटते. इंजिन ओढत असतं तोवर ती घट्ट बसते, इंजिन तापतं, तुम्ही बंद करता, ओढ थांबते, आणि पिशवी सुटून आपल्या वाटेनं निघून जाते. पुन्हा सुरू करता तर सगळं सुरळीत. मागे काहीच खूण नाही. अशा वेळी माणूस धड असलेले भाग उगाच बदलत बसतो. दरवर्षी या पिशव्या वाढताहेत. जाळ्यात मासळीच्या बरोबरीनं येतात त्या दिसतात तरी.

झाकण लावून अर्धा मिनिट इंजिन चालवलं. धार नाही. म्हणजे पंप.

पंपाच्या पितळी झाकणाला सहा स्क्रू. खाली तळाच्या काळ्या पाण्यात एक पडला तर सापडणार नाही म्हणून मामानं आधी आपला पंचा खाली पसरला. झाकण निघालं. आतला रबराचा इंपेलर मी तोवर फक्त आकृतीत पाहिला होता. मधोमध पितळी गाभा आणि त्याभोवती रबराच्या सहा पाकळ्या. पंपाच्या घराला एका बाजूला फुगवटा असतो. फिरताना पाकळी त्या फुगवट्यावर आली की वाकते, पलीकडे गेली की ताठ होते. वाकताना पाणी पुढे ढकलते, ताठ होताना मागून ओढून घेते. एवढंच. पण या रबराला वंगण पाण्याचंच असतं. पाणी तुटलं की कोरडं रबर पितळेवर घासतं आणि मिनिटा-दोन मिनिटांत जळतं. आमच्या सहांपैकी साडेतीनच पाकळ्या उरल्या होत्या. दोन मुळापासून गेलेल्या, एक अर्धी. जिथून तुटल्या होत्या तिथे रबर खडबडीत आणि चकचकीत काळं झालं होतं, जळक्या टायरसारखा वास येत होता.

मला वाटलं, सापडला दोष. मामा म्हणाला, दोष गाळणीत होता, हा तर मेला बिचारा. गाळणी कोंडली, पाणी तुटलं, इंपेलर कोरडा फिरला. नुसता इंपेलर बदलून कोंडलेली गाळणी तशीच ठेवली असती तर नवाही गेला असता.

सुटा इंपेलर खोबरेल तेलाच्या जुन्या डब्यात, कापडात गुंडाळून ठेवलेला होता. पकडीनं जुना ओढून काढला. नव्याला ग्रीस लावायला निघालो तर मामानं हात धरला. तेलकट वस्तूनं काही रबरं फुगतात. त्यानं भांडी घासायचा साबण पाण्यात कालवून पाकळ्यांना चोळला. पाकळ्या फिरण्याच्या उलट दिशेला वाकवून, मुठीत दाबून, पिळत आत बसवल्या. झाकण, सहा स्क्रू. कॉक उघडला, इंजिन सुरू. मी कडेला आडवा झालो. आधी नळीतून हवा फुरफुरली, मग पाणी आलं. जाड, सलग. थोड्या वेळानं कोमट.

बंदरात आलो, मासळी उतरली, किनाऱ्यावर संध्याकाळचा लिलाव सुरू झाला. मला घरी जाऊन झोपायचं होतं. मामा बॅटरी घेऊन परत बोटीवर आला आणि जुना इंपेलर माझ्या हातात ठेवून म्हणाला, "अडीच पाकळ्या कुठंयत?"

मला प्रश्नच समजला नाही. तुटल्या, गेल्या. पण पंपातून गेलेली वस्तू कुठेतरी जातेच. पाण्याबरोबर पुढे जाते आणि जिथे वाट अरुंद होते तिथे बसते. आज धार बरी दिसते. उद्या तो तुकडा हलतो, नळ्यांच्या तोंडावर आडवा होतो. आणि उद्या म्हणजे कधी? वादळवारं सुटलं की हर्णैच्या बोटी आसऱ्याला आंजर्ल्याच्या खाडीत शिरतात. खाडीच्या मुखाशी गाळ साचलेला, त्यावर लाटा फुटत असतात. तिथे पाच मिनिटं इंजिन गेलं तर बोट लाटांना आडवी होते. तिथे बोटी गेल्या आहेत, माणसंही. मामा त्या तुकड्यांत ते मुख बघत होता.

आम्ही कूलरचं पुढचं झाकण उघडलं. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नळ्यांची तोंडं, आणि त्यांच्यावर दोन काळ्या पाकळ्या अशा चिकटलेल्या की कुणी मुद्दाम बोटानं दाबून बसवल्यात. चिमट्यानं काढल्या. तुटलेल्या जागी लावून बघितल्या, दोन्ही जुळल्या. अर्धी नव्हती. नळ्यांतून तार घालून बघितली, पंपापासून कूलरपर्यंतचा पाइप सोडून फुंकून बघितला. अर्धी नव्हती.

कूलर उघडलाच होता म्हणून मामानं जस्ताची कांडीही काढली. पेन्सिलीएवढी असते. आमची झिजून खडूच्या तुकड्यासारखी राहिली होती. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकत्र आले की त्यांतला जास्त क्रियाशील धातू आधी झिजतो. म्हणून तांब्या-निकेलच्या नळ्या वाचवायला जस्त बळी द्यायचं. हंफ्री डेव्हीनं १८२४ मध्ये हेच ब्रिटिश आरमाराला सुचवलं होतं. लाकडी जहाजांच्या बुडाला ठोकलेले तांब्याचे पत्रे समुद्र खात होता. त्यानं पत्र्यांना जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तांबं झिजायचं थांबलं. पण बुडावर शिंपल्यांचे आणि शेवाळाचे थर चढायला लागले, कारण झिजणाऱ्या तांब्याचं विष पाण्यात सुटायचं तेच त्यांना दूर ठेवत होतं. हे मी नंतर वाचलं तेव्हा मामाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "म्हणजे बिचाऱ्यानं काम बरोबर केलं होतं."

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोट वर ओढलेली असते तेव्हा कांडी बदलायची, आणि इंपेलर काढून ठेवायचा, म्हणजे फुगवट्यावर दाबून राहिलेल्या पाकळ्या तशाच वाकड्या होत नाहीत. हे आमच्याकडे तेव्हापासून चुकलेलं नाही.

नोव्हेंबरमध्ये वेगळंच सुरू झालं. इंजिन मंद असताना धार उत्तम. गती वाढवली की धार बारीक आणि काटा वर. गती कमी केली की पुन्हा उत्तम. गाळणी स्वच्छ, इंपेलर नवा, कॉक उघडा. मामा म्हणाला, डोळ्यांवर जाऊ नको, मोज. बंदरात बांधलेल्या बोटीला होडी लावून मी धारेखाली पंधरा लिटरची बादली धरली. मंद गतीवर सव्वा मिनिटात भरली. हा पंप जेवढे फेरे मारतो तेवढं पाणी ढकलतो, म्हणजे फेरे दुप्पट केले तर वेळ निम्म्यावर यायला हवा. मामानं गती दुप्पट केली. बादली भरायला मिनिटाहून जास्त लागलं. मी तीनदा मोजलं. पाण्याला पंपाच्या आधी कुठेतरी कुणीतरी गळा धरून अडवत होतं, आणि पंप जितका जोरानं ओढत होता तितकी पकड घट्ट होत होती.

कॉक, गाळणी, पंप. यांच्यात उरला एक पाइप. गाळणीपासून पंपापर्यंतचा, हातभर लांबीचा काळा रबरी पाइप. बाहेरून धडधाकट, क्लिपा घट्ट. मामानं मला त्याच्यावर हात ठेवून बसायला सांगितलं आणि वर जाऊन गती वाढवली. वाकणाच्या जागी माझ्या मुठीत तो पाइप किंचित बसला, श्वास आत घेताना पोट आत जावं तसा. गती कमी झाली की पुन्हा गोल. मी दोनदा तिनदा ते अनुभवलं. मग इंजिन बंद करून, कॉक बंद करून, पाइप सोडवला.

नवा पाइप लावून झाला, बादली पस्तीस-छत्तीस सेकंदांत भरू लागली. जुना मी फेकायला निघालो. मामानं तो मागून घेतला, मांडीवर आडवा धरला आणि सुरीनं लांबीच्या रेषेत चिरला. आतलं अस्तर कांद्याच्या सालीसारखं सुटलेलं होतं. मोठ्या ओढीनं ते आत झुकायचं आणि पाण्याची वाट आवळायचं. वाकणापाशी अस्तराची एक झोळी झाली होती. मामानं त्यात अंगठा घातला आणि एक काळा तुकडा बाहेर काढला.

आम्ही तो पुढे शोधत होतो. त्या दुपारी इंजिन थांबलं तेव्हा वरच्या कूलरमधलं पाणी फुटक्या पंपातून मागे उतरलं असणार, आणि जाताना तो तुकडा उलट्या वाटेनं घेऊन गेलं असणार. मग इतके दिवस तो त्या झोळीत अडकून राहिला.

मामाला तेव्हा डाव्या डोळ्यानं नीट दिसत नव्हतं, मोतीबिंदू पिकत आला होता. त्यानं खोबरेलाच्या डब्यातून जुना इंपेलर मागवला. दोन पाकळ्या मी चिकटपट्टीनं त्यांच्या जागी लावून ठेवल्या होत्या. त्यानं अर्धी पाकळी उरलेल्या अर्ध्यावर टेकवली, अंगठ्याच्या नखानं सांध्यावरून एकदा खाली, एकदा वर ओढ घेतली, आणि इंपेलर माझ्याकडे दिला.

"सहा," तो म्हणाला. "आता झाकण लाव."